उद्यापन नसलेला वसा

एका गावात एक वैद्य राहत होता. धुंडिराज त्याचं नाव. त्याच्या दारात पितळेची मोठी घंटा टांगलेली होती. कुणाचा जीव जायची वेळ आली की घरचं माणूस धावत यायचं आणि दोर ओढायचं. घंटा वाजली की वैद्य भरल्या ताटावरून उठायचा, मांडलेल्या पूजेवरून उठायचा. औषधांचा बटवा खांद्याला लावायचा नि निघायचा. मरणाच्या दारातून त्याने किती जणांना ओढून आणलं, ते एक देवालाच ठाऊक.

गावाची एक रीत होती. वाचलेला माणूस उठून बसला की वाजतगाजत घंटेखाली यायचा. घंटेला हार घालायचा, खाली दिवा लावायचा. मग साऱ्या गावासमोर गूळ-तुपाचे दोन लाडू खायचा. लाडू खाल्ले की दुखणं संपलं. गाव त्याला दुखण्याचं उद्यापन म्हणायचं. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला पाटील वैद्याला शाल पांघरायचे आणि आपल्या हाताने घंटा वाजवायचे. त्या दिवशी गावाची छाती फुलून यायची.

त्याच गावात कोष्ट्यांच्या आळीत म्हाळू आणि गोजरा हे नवरा-बायको राहत होते. म्हाळू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा. पायाखाली दोन लाकडी पावड्या. डावी दाबली की अर्धे धागे वर यायचे, उजवी दाबली की उरलेले. म्हाळू हसून म्हणायचा, "हात नुसता धोटा फेकतो. लुगडं विणतात ते माझे पायच."

या म्हाळूला मधुमेह जडला. मोठा मुका आजार. ताप नाही, कळ नाही. उलट तळव्यांची जाणीवच घेऊन गेला. पावडीच्या लाकडाचं कुसळ पायात शिरलं तरी म्हाळूला कळेना. पाय सुजला, निळा पडला, म्हाळू तापाने बरळायला लागला, तेव्हा कुठे गोजराने घंटा वाजवली. वैद्य धावला. तीन दिवस उशाशी बसून राहिला. म्हाळू वाचला. गाव जमलं, दिवा लागला, म्हाळूने दोन लाडू खाल्ले. वैद्याने दिलेली चूर्णाची पुडी फडताळात गेली. उद्यापन झाल्यावर कोण पुडी घेतं?

वर्षाच्या आत घंटा पुन्हा वाजली. पुन्हा दिवा, पुन्हा लाडू. तिसऱ्या खेपेला वैद्याने उजव्या पायाची करंगळी काढली, तेव्हा म्हाळू वाचला. उद्यापनाच्या दिवशी वैद्याने गोजराला बाजूला घेतलं.

"गोजराबाई, या वेळी बोटावर भागलं. पुढच्या वेळी घंटा वाजेल तेव्हा पाय काढावा लागेल. तोही वेळेवर आलो तर."

पाय गेला की माग गेला. माग गेला की म्हाळूत काय उरणार होतं? गोजराने मान वर केली. समोर ढोल वाजत होता. घंटेखाली म्हाळू काठी टेकून उभा होता आणि पाटलांनी धरलेल्या ताटाकडे त्याचा हात चालला होता.

गोजरा गर्दीतून पुढे गेली आणि तिने नवऱ्याचं मनगट धरलं.

ढोल थांबला. बायका पुटपुटल्या, "अगं बाई, प्रसाद आहे तो!"

"देवाचा प्रसाद असता तर मी दोन्ही हातांनी घेतला असता," गोजरा म्हणाली. "हा कौतुकाचा लाडू आहे. हाच यांना पुन्हा घंटेखाली आणतो."

तिने दोन्ही लाडू उचलले आणि दारातल्या गाईला घातले. पाटलांचं तोंड लाल झालं. पण भरल्या घरची सवाष्ण, तिला चारचौघांत काय बोलणार?

त्या रात्री गोजराला झोप लागली नाही. सकाळी ती वैद्याच्या ओसरीवर जाऊन बसली.

"वैद्यबुवा, मी सोळा सोमवार केले. सोळा झाले, उद्यापन केलं, सुटले. पण तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावते, त्याचं उद्यापन कधी कुणी केलंय का?"

"त्याचं कसलं उद्यापन? तो रोजचाच."

"मग यांचं दुखणं रोजचं का नाही? तुम्ही सोळा सोमवारांसारखं संपवता. ते तुळशीच्या दिव्यासारखं आहे."

वैद्य थकलेल्या आवाजात म्हणाला, "बाई, पटतं मला. पण मी एकटा. कुंभाराच्या म्हातारीचा दमा, तेलिणीचं काळीज, तुझा म्हाळू. माझा सारा दिवस घंटेमागे धावण्यात जातो. रोज घरोघर कधी फिरू?"

"तुम्ही नका फिरू. आम्ही बघतो. काय बघायचं ते तेवढं शिकवा."

बायका व्रत कसं करतात ते आपल्याला माहीत आहे. एकीचा उपास चुकत असला तर दुसरी आठवण करते. एकीचं पाणी कमी पडलं तर दुसरी घागर आणते. गोजराने तीच घडी दुखण्याला घातली. प्रत्येक आळीतली एक बाई वैद्याकडे चार दुपारी शिकायला बसली. पाय कसा बघायचा, श्वास कसा मोजायचा, सूज बोटाने दाबून कशी ओळखायची. जिथे जन्माचं दुखणं होतं त्या घरी खुंटीला एक दोरी टांगली. रोजचं चूर्ण, रोजचं चालणं, रोजचं पथ्य दुखणाऱ्याने स्वतः करायचं. दर सोमवारी आळीतली बाई येऊन बघणार. सगळं नीट असलं तर दोरीला साधी गाठ. काही वावगं दिसलं तर गाठीत लाल धागा. लाल धाग्याची दोरी वैद्याच्या हातात पडली की त्याने त्याच दिवशी यायचं. घंटेची वाट बघायची नाही.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी वैद्याने तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "लाल धागा आला की मी उठेन. मग मी कुठेही असो."

गोजराने हात जोडले. "वसा घेतलात, वैद्यबुवा. याला उद्यापन नाही."

म्हाळूला मात्र हे सगळं जड गेलं. गोजरा रोज समई जवळ घेऊन त्याचे तळवे न्याहाळायची, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवायची.

"तुझा सोमवार महादेवाचा होता," तो कुरकुरायचा. "माझ्या पायांचा कधीपासून झाला? आळीतले लोक म्हणतात, म्हाळूची बायको नवऱ्याची पाद्यपूजा करते."

"करते की. नैवेद्य मात्र ज्वारीच्या भाकरीचा. लाडवाचा नाही."

"देवाला तरी कधीमधी गोड देतात गं!"

"देवाला मधुमेह नाही."

म्हाळू हसायचा आणि मुकाट्याने पाय पुढे करायचा. हळूहळू तो स्वतःच दिवा मागायला लागला. मागावर बसण्याआधी दोन्ही पावड्यांवरून फडकं फिरवायला लागला. दोरीला गाठीमागून गाठ पडत गेली.

आणि घंटा वाजेनाशी झाली. भाद्रपदात एकाला साप चावला तेव्हा वाजली. पौषात एक पोर विहिरीत पडलं तेव्हा वाजली. त्यानंतर नाही. कुंभाराची म्हातारी ऐन थंडीत चाकाशी बसून पणत्या करत होती. तेलीण आपल्या पायाने देवळात जात होती. पण दिवसाढवळ्या चालणारं माणूस कुणाच्या नजरेत भरतं? घंटेवरचे हार वाळून गेले. खाली दिवा लागेना.

पारावर लोक बोलायला लागले. "वैद्य आता म्हातारा झाला." "पूर्वी बघावं तेव्हा धावताना दिसायचा. आता बायकांच्या दोऱ्या मोजत बसतो."

पाटलांच्या कानांवर हे गेलं. रायाजी पाटील माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा घंटेवर फार जीव. ते वैद्याला म्हणाले, "या तृतीयेला तीन गावची माणसं बोलावली आहेत. शाल घ्या, दिवसभर घंटेपाशी बसा. आपला वैद्य जागेवर आहे हे लोकांना दिसू दे. त्या दिवशी हललात तर मला नाइलाजाने दुसरा वैद्य बघावा लागेल." वैद्याची जागा, वैद्याचं घर, सगळं गावाने दिलेलं होतं. वैद्याने होकाराची मान हलवली.

त्या वर्षी अक्षय्य तृतीया सोमवारी आली.

सकाळी गोजराने म्हाळूचे तळवे पाहिले. डावा बरा होता. उजव्याच्या टाचेशी तिने हाताची उलटी बाजू लावली आणि ती चरकली. टाच तापलेल्या तव्यासारखी लागत होती. घोट्याखाली तांबूस डाग पसरला होता.

"दुखतं का हो?"

"छे. काही नाही. जरा जड वाटतं."

दुखत नाही, याचीच तर भीती होती. गोजराने काजळाची डबी आणली. वैद्याने शिकवलं होतं तसं लालीच्या कडेने काजळाची रेघ ओढली. मग चुलीपाशी गेली, पाणी तापवलं, देवापुढे क्षणभर डोळे मिटले. परत येऊन बघते तो लाली रेघेच्या दोन बोटं वर चढली होती.

तिने खुंटीवरची दोरी ओढली, लाल धाग्याची गाठ मारली आणि ती धावत सुटली.

घंटेभोवती माणूस मावत नव्हतं. तीन गावची पागोटी दिसत होती. मधोमध पाटावर वैद्य बसला होता. पाटलांनी शाल उलगडली होती. गोजरा गर्दी कापत पुढे आली. तिने नुसती दोरी पुढे केली.

वैद्याने लाल गाठ पाहिली. "कुठे?"

"उजवी टाच. रेघ ओलांडली. दोन बोटं."

"गोजराबाई," पाटील दबल्या आवाजात म्हणाले, "आज नाही. माणूस शुद्धीवर आहे ना?"

"आहे."

"बोलतो-चालतो आहे ना? मग दोन घटका थांबा. एवढंच वाटलं तर घंटा वाजवा. घंटेला मी अडवणार नाही. सगळ्यांसमोर वाजू दे."

सगळे वैद्याकडे बघत होते. एका बाजूला शाल, घर, आयुष्यभराचा मान. दुसऱ्या बाजूला गाठी मारलेली एक मळकी दोरी. वैद्य म्हणालादेखील, "गोजराबाई, शाल घेतो आणि लगोलग..."

"वैद्यबुवा," गोजरा म्हणाली, "घंटा वाजेल तेव्हा पाय गेलेला असेल. तुम्हीच सांगितलं होतं."

तिचा आवाज चढला नव्हता. पण वैद्याला ताम्हनातलं पाणी आठवलं. तो पाटावरून उठला. अर्धी खांद्यावर आलेली शाल त्याने घडी करून पाटलांच्या हातात ठेवली.

"पाटील, क्षमा करा. मी वसा घेतलाय."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, घंटा कुठे वाजलीय? निघालात कुठे?" वैद्याने मागे पाहिलं नाही.

कोष्ट्यांच्या आळीत पोचेतो लाली आणखी बोटभर चढली होती. म्हाळू आता कण्हत होता. वैद्याने टाच दाबून पाहिली, पाती तापवली आणि छेद दिला. पू वाहिला. आत खोल, गव्हाच्या दाण्याएवढं लाकडाचं कुसळ निघालं. वैद्याने जखम धुतली, पुन्हा धुतली, बांधली. काजळाची नवी रेघ ओढली. मग तिघेही त्या रेघेकडे बघत बसले. बाहेर ऊन कलत होतं. गोजरा मनातल्या मनात जप करत होती. जप थांबला तर लाली चढेल असं तिला वाटत होतं.

दिवेलागणीच्या वेळी वैद्याने वाकून पाहिलं. लाली रेघेपाशी थांबली होती.

चौथ्या दिवशी ती उतरली. वैद्याने तोवर आळी सोडली नव्हती.

पण गावाचा राग उतरला नाही. तीन गावच्या पाहुण्यांसमोर मान खाली गेली होती. तीन आठवड्यांनी, सोमवारीच, पाटलांनी घंटेखाली सभा बोलावली. दुसऱ्या गावचा वैद्य आणायचा, हे जवळजवळ ठरूनच गेलं होतं.

"धुंडिराजवैद्य," पाटील म्हणाले, "गेल्या पौषापासून घंटा वाजली नाही. एकही दिवा लागला नाही. तुम्ही या गावात कुणाला वाचवलंत ते तरी सांगा."

कोण मेलं नाही, हे वैद्य कसं दाखवणार?

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. म्हाळू येत होता. सावकाश, पण काठीशिवाय, दोन्ही पायांनी. त्याच्या मागे कुंभाराची म्हातारी होती, तेलीण होती, आणखी कितीतरी जण. प्रत्येकाच्या हातात आपापली दोरी होती. एकेकाने पुढे होऊन दोरी वैद्याच्या पायाशी ठेवली.

पाटलांनी एक दोरी उचलली. गाठींवरून बोट फिरवलं. साधी गाठ, साधी गाठ, साधी गाठ, मग लाल, मग पुन्हा साध्या.

"ही कुणाची?"

"माझी, बाळा," कुंभाराची म्हातारी म्हणाली. "लाल गाठ पडली तेव्हा पाय सुजले होते. श्वास पुरत नव्हता. वैद्य त्याच दिवशी आले."

पाटलांचा चेहरा बदलला. ते बारीक आवाजात म्हणाले, "माझ्या आईचे पाय असेच सुजायचे. सहा महिने सुजत होते. आम्ही रोज बघत होतो. घंटा वाजवण्याइतकं काही झालं नव्हतं ना, म्हणून थांबलो. दोनदा घंटेने तिला वाचवलं. तिसऱ्यांदा दोर मीच ओढला होता. नऊ वर्षांचा होतो. वैद्य धावत आले, पण..."

वैद्याने डोळे मिटले. तेव्हा धावत गेलेला तरुण वैद्य तोच होता.

पाटलांनी शाल मागवली आणि वैद्याच्या खांद्यावर घातली. मग रिवाजाप्रमाणे घंटा वाजवायला दोराला हात घातला. दोर हलला तशा वरून गवताच्या दोन काड्या त्यांच्या पागोट्यावर पडल्या. घंटेतून एक चिमणी भुर्रकन उडाली आणि समोरच्या वळचणीला बसून रागाने ओरडू लागली.

सगळ्यांनी वर पाहिलं. घंटेच्या आत, लोलकाच्या कडीला धरून, घरटं होतं. त्यातून तीन पिल्लांच्या चोची उघडत-मिटत होत्या.

"साप चावला, कुणी विहिरीत पडलं, तर वाजवावीच लागेल," वैद्य हळूच म्हणाला.

"तेव्हा वाजवू," पाटील म्हणाले. "नुसत्या कौतुकासाठी नको." आणि त्यांनी दोर अलगद सोडून दिला.

चिमणी परत आली. गाव आवाज न करता पांगलं. जाताना म्हाळू गोजराला म्हणाला, "आज लाडू नाहीतच का गं?"

"घरी चला. आज सोमवार आहे. आधी पाय बघू दे."

शंभुमहादेवाने त्या आळीकडे जशी वेळेवर नजर टाकली, तशी ती प्रत्येक दुखणाऱ्या घरावर पडो. आणि कुणाच्याही दोरीत लाल धागा दिसला, तर बघणाऱ्याला उठायचं बळ मिळो.

तात्पर्य: जन्माच्या दुखण्याला नुसता संकटात धावणारा वैद्य पुरत नाही, स्वतःला रोज सांभाळणारं माणूस, आठवणीने पाहणारे शेजारी आणि बोलावण्याआधी येणारा वैद्य, अशी सगळ्यांनी मिळून घडी घालावी लागते. संकट आल्यावर वाचवणं थोर आहे, पण संकट येऊच न देणं त्याहून थोर, मग त्याचा गाजावाजा कुणी करो न करो.